कोपरखैरण्याची गच्ची, शेजारचा मोबाइल टॉवर आणि एटीव्हीचा बँडपास फिल्टर

नमस्कार ओएम (हॅम रेडिओवाल्यांचं 'मित्रा'), एटीव्ही म्हणजे हौशी टीव्हीबद्दलचा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, चार मजली बिल्डिंगची गच्ची, प्लुटो एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ), त्यापुढे छोटा ड्रायव्हर आणि ३० वॉटचं मॉड्यूल (हाच पीए, म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायर), ४३७ मेगाहर्ट्झवर डीव्हीबी-एस२ (डिजिटल चित्र पाठवायची पद्धत), सिम्बॉल रेट १००० किलो, म्हणजे सेकंदाला दहा लाख सिम्बॉल. तुमचे मित्र घोडबंदर रोडला कासारवडवलीला. त्यांना तुमचं चित्र बऱ्यापैकी दिसतं पण तुम्हाला त्यांचं दिसत नाही, मिनीटायूनर या रिसीव्हरवर एमईआर (सिग्नल किती स्वच्छ येतोय त्याचा डीबीतला आकडा) २-३ च्या आसपास लटकतो आणि चित्र गोठतं, शिवाय टू मीटरवर (१४५ मेगाहर्ट्झचा हौशी बँड) बोलायला पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की जे काही दिसत होतं तेही जातं. यावर उपाय म्हणून तुम्ही ऑनलाइन "४३३ चा फिल्टर" मागवलाय, म्हणजे ठरावीक पट्टाच आत सोडणारा बँडपास, तो एलएनएच्या (रिसीव्हरआधीच्या कमी आवाजाच्या अॅम्प्लिफायरच्या) आधी लावू की नंतर, आणि तोच ट्रान्समिटलाही चालेल का, असा प्रश्न आहे. आणि कुणीतरी सांगितलंय की फिल्टर जितका अरुंद तितका चांगला.

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे राहतो, एटीव्ही करतोय त्याला पंचवीसेक वर्षं झाली, त्यात अर्धा वेळ फिल्टरच बनवत आणि जुळवत बसलोय असं म्हटलं तरी चालेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मागवलेला तो फिल्टर पाकिटातच राहू द्या. तो छोटा सॉ फिल्टर असणार, गाडीच्या रिमोटसाठी असतो तो, मध्य ४३३.९२ वर आणि रुंदी साधारण दीड-दोन मेगाहर्ट्झ. तुमचं ४३७ त्याच्या पासबँडच्या (तो आत सोडतो त्या पट्ट्याच्या) बाहेर पडतं, म्हणजे टॉवरबरोबर तुमच्या मित्राचं चित्रही तो बाहेरच थांबवणार. आणि ट्रान्समिटला तर नाहीच, ते काही मिलिवॉटचं काम आहे, पीएच्या पुढे लावलात तर त्याच क्षणी जळेल.

आता मुद्द्याचं. तुम्हाला सिग्नल कमी पडतोय असं तुम्ही धरून चाललाय, आणि मला वाटतं तिथेच घोळ आहे. हिशेब करून बघू. कोपरखैरणे ते कासारवडवली हवेतून अठरा-वीस किलोमीटर, ४३७ ला मोकळ्या जागेतला पाथ लॉस (वाटेत होणारी घट) साधारण १११ डीबी. मित्राचे ८ वॉट धरले, म्हणजे ३९ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबी), दोन्हीकडे १० डीबीआयच्या यागी अँटेना धरल्या तर तुमच्या केबलच्या तोंडाशी वजा ५२ डीबीएम यायला हवेत. आता मधे बिल्डिंगी आहेत, घोडबंदरचे ते तीस-तीस मजली टॉवर आहेत, सगळं मिळून आणखी ३० डीबी खाल्ले म्हणा, तरी वजा ८२. एक मेगा सिम्बॉलच्या रुंदीत चांगल्या रिसीव्हरचा नॉइज फ्लोअर (त्याचा स्वतःचा आवाज) वजा ११३ च्या आसपास असतो. म्हणजे तीस डीबी शिल्लक! आणि एस२ च्या क्यूपीएसके ३/४ या प्रकाराला लागतात जेमतेम ४ डीबी. इतकं शिल्लक असताना एमईआर २ येत असेल तर सिग्नल कमी नाहीये, तुमचा रिसीव्हर दुसऱ्या कशानेतरी बहिरा झालाय.

कशाने, ते तुम्हीच लिहिलंय, फक्त प्रश्नाच्या शेवटी सहज म्हणून: शेजारच्या बिल्डिंगवर मोबाइल टॉवर आहे. तो १०० मीटरवर आहे आणि एका कॅरिअरचा ईआयआरपी (अँटेनाचा जोर धरून होणारी पॉवर) १ किलोवॉट आहे असं धरा, तर ९४० मेगाहर्ट्झला साध्या अँटेनावर वजा १२ डीबीएम पोचतात. तुमच्या मित्राच्या सिग्नलपेक्षा सत्तर डीबी जास्त, म्हणजे एक कोटी पट. हा एकच कॅरिअर, तिथे ८६९ पासून ८८९ पर्यंत आहेत, ९३५ ते ९६० आहेत, १८०५ पासून वरती आहेत, वर मुंबईची सगळी एफएम स्टेशनं ८८ ते १०८ मधे. आणि तुमचा एलएनए ५० मेगाहर्ट्झपासून ४ गिगाहर्ट्झपर्यंत सगळं सारख्याच प्रेमाने वीस डीबीने वाढवून ट्यूनरच्या पुढ्यात टाकतो. सॅटेलाइटसाठी बनवलेला ट्यूनर आहे तो, त्याला इतकं वाढलेलं ताट झेपत नाही. त्याच्या आतच ही स्टेशनं एकमेकांत मिसळतात आणि त्यांचं कडबोळं तुमच्या ४३७ वर येऊन बसतं.

पण हा माझा अंदाज झाला. फिल्टरवर एक रुपया घालवायच्या आधी त्रास कुठून येतोय ते शोधा, त्याला दहा मिनिटं लागतात. १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) घ्या आणि एलएनएच्या आधी लावा. मित्राला चित्र पाठवायला सांगा आणि एमईआर बघा. सिग्नल खरोखर कमजोर असेल तर एमईआर दहा डीबीने पडेल आणि लॉकच जाईल. पण एमईआर चक्क सुधारला तर तो ओव्हरलोड (परक्या जोरदार सिग्नलनी रिसीव्हर गुदमरणं), त्यात शंका नाही, कारण तिसऱ्या क्रमाचं मिसळण १० डीबी अटेन्युएशनला ३० डीबीने खाली येतं, मित्राचा सिग्नल मात्र दहानेच उतरतो. ऐरोलीला एका मित्राच्या गच्चीवर हा प्रयोग केला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर ठिपक्यांचा नुसता ढग होता, अटेन्युएटर लावल्यावर त्याच ढगाचे क्यूपीएसकेचे चार गोळे झाले आणि चित्रात समोरच्याच्या मागे भिंतीवर लावलेलं कॅलेंडर वाचता आलं. सिग्नल कमी केल्यावर चित्र येतं हे त्या दिवशी त्याने डोळ्यांनी बघितलं, नंतर त्याला समजावून सांगायला काही उरलंच नाही.

तिसरी शक्यता पण असते, खास आपल्या पट्ट्यात. रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांचे ड्राइव्ह, सोसायटीच्या लिफ्टचा इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, हे थेट ४३७ वरच आवाज टाकत असतील तर? तेव्हा अटेन्युएटर लावल्यावर सिग्नल आणि आवाज दोन्ही सारखे खाली येतात, एमईआर जवळपास तिथेच राहतो. मग ओळखायचं कसं, तर अँटेना फिरवून. आवाज एका बाजूने येत असेल तर दिशा सापडते, आणि लिफ्टचा असेल तर लिफ्ट थांबल्यावर जातो. अशा आवाजाला जगातला कुठलाही बँडपास फिल्टर काही करू शकत नाही कारण तो आवाज पासबँडच्या आतलाच आहे. तिथे फेराइट, अर्थिंग आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी गोड बोलणं, एवढंच.

आता तुमचा टू मीटरचा त्रास. हा मला फार जवळचा विषय आहे कारण यात लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी फिल्टर लावून बसतात. तुम्ही टॉकबॅक (चित्राबरोबरचं बोलणं) १४५.५०० वर करताय. तीनने गुणा. ४३६.५! आणि तुमचं डीएटीव्ही (डिजिटल एटीव्ही) १००० किलो गुणिले १.३५ म्हणजे १.३५ मेगाहर्ट्झ रुंद, ४३६.३ पासून ४३७.७ पर्यंत. तुमचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीची तिप्पट, थेट चित्राच्या पोटात. हा हार्मोनिक असेल तर रिसीव्हरला लावलेला फिल्टर त्याला आनंदाने आत सोडेल, कारण त्याच्या दृष्टीने तो आपल्याच घरचा आहे. उपाय टू मीटरच्या सेटच्या मागे, तिथे लो पास (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर) किंवा १४५ चा बँडपास. पण हार्मोनिक नसून १४५ चे मूळ २५ वॉटच शेजारच्या अँटेनातून एलएनएमधे घुसत असतील तर मात्र उपाय रिसीव्हरपाशी. दोन्हीतला फरक कळायला मित्राला सांगून टॉकबॅक थोडा वेळ १४४.३ वर न्या. तिसरा हार्मोनिक ४३२.९, चित्राच्या बाहेर. आता पीटीटी दाबल्यावर चित्र टिकलं तर हार्मोनिक होता, तरीही गेलं तर ओव्हरलोड. फिल्टर विकत घेणं सोडाच, हातात स्क्रू ड्रायव्हर पण घ्यावा लागत नाही.

आणि जाता जाता, ४३५ ते ४३८ हा हौशी सॅटेलाइटचा भाग आहे, आयएसएसच्या रिपीटरचा डाऊनलिंक ४३७.८ वर आहे. आपल्याकडे ७० सेंटिमीटर म्हणजे ४३४ ते ४३८, चारच मेगाहर्ट्झ. एक मेगा सिम्बॉल त्यातला तिसरा हिस्सा खातो. माझं मनापासूनचं सांगणं आहे की ५०० किलो किंवा ३३३ किलोवर या आणि ४३४.५ च्या आसपास बसा, ५०० ला ६७५ किलोहर्ट्झ रुंदी लागते, ४३४.१६ ते ४३४.८४ मधे नीट मावतं. रिमोटवाले ४३३.९२ पण बाहेर राहतात. चेहरा दिसायला आणि सर्किट दाखवायला एवढा रेट भरपूर झाला, वर नॉइजही तीन डीबीने कमी होतो. फक्त टॉकबॅकचा तीनचा पाढा परत म्हणून बघा, तिथे १४४.७ ते १४४.९५ टाळायचं.

तर समजा अटेन्युएटरने ओव्हरलोड सिद्ध झाला. तरी लगेच फिल्टर नको. आधी हे करा: आरजी-५८ चा साधा तुकडा घ्या, एक टी कनेक्टर घ्या, एलएनएच्या इनपुटला टी लावून त्याच्या मोकळ्या तोंडाला ११३ मिलिमीटरचा तुकडा जोडा, टीच्या मध्यापासून मोजून, आणि दुसऱ्या टोकाला आतली तार आणि जाळी एकत्र करून डाग द्या. हा ४३७ ला पाव तरंगलांबीचा शॉर्ट स्टब झाला, व्हेलॉसिटी फॅक्टर ०.६६ धरून. ४३७ ला तो जणू नाहीच असा वागतो. पण ८७४ ला तोच तुकडा अर्धी तरंगलांबी होतो आणि लाइन सरळ शॉर्ट करतो, म्हणजे ८६९ ते ८८९ वाले टॉवर तिथल्या तिथे वीसेक डीबी खाली. ९५० च्या आसपास सहा-सात डीबी, एफएम स्टेशनं चार-पाच डीबी, १४५ पण दोन-अडीच डीबी. असा काही मोठा फिल्टर नाही तो, पण थोडक्या पैशांत आणि अर्ध्या तासात तुम्हाला कळतं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत का. एवढ्यानेच एमईआर २ चा ७ झाला तर पुढचा खर्च डोळे मिटून करा. एलएनएला केबलमधूनच डीसी देत असाल तर मात्र स्टब डीसीच्या वाटेत येणार नाही एवढं बघा, नाहीतर सप्लाय शॉर्ट होईल.

आता खरा फिल्टर. आणि "अरुंद तितका चांगला" या गैरसमजाबद्दल थोडं बोलतो कारण मी स्वतः त्यात एक अख्खा पावसाळा घालवलाय.

फिल्टर फुकट काही देत नाही, सिग्नलमधला थोडा वाटा स्वतः खातो, आणि जितका अरुंद कराल तितका जास्त खातो. धातूच्या डब्यातला तीन रॉडचा फिल्टर, रॉडचा क्यू (जास्त तितका लॉस कमी) १००० धरा, पितळेचा नीट बनवलेला डबा एवढा सहज देतो. ८ मेगाहर्ट्झ रुंद ठेवला तर लॉस पाऊण डीबी. ४ केला तर दीड. २ केला तर तीन डीबी, म्हणजे अर्धी पॉवर डब्यात. आणि बाजारात मिळणाऱ्या काडेपेटीएवढ्या हेलिकल फिल्टरचा क्यू २०० च धरला तर ८ मेगाहर्ट्झलाच पावणेचार डीबी. एलएनएच्या आधी जेवढे डीबी जातात तेवढे सरळ नॉइज फिगरमधे (रिसीव्हर स्वतः किती आवाज मिसळतो त्या आकड्यात) मिळवायचे, ०.६ चा एलएनए घेऊन पुढे पावणेचारचा फिल्टर लावला तर तुमच्याकडे साडेचारचा रिसीव्हर आहे, एलएनएच्या डबीवर काहीही छापलेलं असो. आणि तुमचे शत्रू कुठे आहेत? ८७० च्या वर आणि १४५ च्या खाली. शेकडो मेगाहर्ट्झ लांब! त्यांना थांबवायला दोन मेगाहर्ट्झची फट कशाला हवी, ८-१० मेगाहर्ट्झ रुंद तीन रॉडवाला त्यांना एलएनएपर्यंत पोचूच देत नाही.

दुसरं म्हणजे अरुंद फिल्टरच्या कडा. मध्यभागी सिग्नलला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कडेला जास्त लागतो, यालाच ग्रुप डिले म्हणतात. फोनवर बोलताना याने काही फरक पडत नाही, चित्राला पडतो. पूर्वी आम्ही २३ सेंटिमीटरवर १२८० ला एफएम एटीव्ही करायचो, त्याला सोळा-अठरा मेगाहर्ट्झ रुंदी लागते. मी मोठ्या हौसेने १० मेगाहर्ट्झचा फिल्टर बनवला, नॉइज कमी झाला म्हणून खूश होतो, आणि मग बायको लाल साडी नेसून कॅमेऱ्यासमोरून गेली तर साडीभर ठिणग्या उडत होत्या. भिंत स्वच्छ, चेहरा स्वच्छ, फक्त गडद लाल भागात काळे-पांढरे डाग. पाल या टीव्ही पद्धतीचा कलर ४.४३ मेगाहर्ट्झवर बसतो, गडद रंग आला की तो एफएमला लांब ढकलतो आणि नेमका तोच भाग फिल्टरच्या कडेला कापला जात होता. डब्यातले स्क्रू फिरवून १८ मेगाहर्ट्झ केले, ठिणग्या गेल्या. डिजिटलमधे ठिणग्या दिसत नाहीत, तिथे एमईआर गुपचूप दोन-तीन डीबी कमी येतो आणि आपण अँटेनाला दोष देत बसतो. म्हणून सिग्नलच्या रुंदीच्या निदान दुप्पट-तिप्पट पासबँड ठेवा. ४३४ ते ४३८ अख्खा बँड जाईल असा एकच डबा करा, सिम्बॉल रेट बदला, फ्रिक्वेन्सी बदला, परत ट्यून करायची वेळ येत नाही.

तिसरं ऊन. मे महिन्यात गच्चीवरचा अॅल्युमिनियमचा डबा हात लावू देत नाही. धातू वाढला की फ्रिक्वेन्सी खाली येते, तीस अंशाच्या फरकाला साधारण पाव मेगाहर्ट्झ. ८ मेगाहर्ट्झच्या फिल्टरला याचं काही नाही. एक मेगाहर्ट्झच्या फिल्टरला दुपारी एक आणि रात्री एक अशी दोन रूपं येतात.

एलएनएच्या आधी की नंतर? टॉवर शंभर मीटरवर असताना आधी, आणि म्हणूनच कमी लॉसचा. टॉवर लांब असता, समजा तुम्ही खारघरच्या डोंगराकडच्या शांत बाजूला असता, तर मी एलएनए आधी आणि फिल्टर नंतर सांगितलं असतं. माझ्याकडे दोन्ही आहे, अँटेनाजवळ इंटरडिजिटल डबा (तोच रॉडवाला फिल्टर), मग एलएनए, मग खाली शॅकमधे, म्हणजे रेडिओच्या खोलीत, ट्यूनरच्या आधी एक छोटा फिल्टर, तिथे त्याचे दोन-तीन डीबी गेले तरी काही बिघडत नाही कारण एलएनएने आधीच वाढवून दिलेलं असतं.

डबा बनवायचा कसा ते सांगतो. इंटरडिजिटल म्हणजे एका चपट्या डब्यात समांतर रॉड, एक रॉड वरून जमिनीला जोडलेला, पुढचा खालून, असे उलटसुलट, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवल्यासारखे. ४३६ ला पाव तरंगलांबी १७२ मिलिमीटर, ती डब्याची आतली उंची, रॉड त्याहून थोडे आखूड आणि उरलेलं मोकळ्या टोकासमोरच्या स्क्रूने भरून काढायचं. रॉड १२ मिमी घेतला तर डब्याच्या दोन पत्र्यांमधलं अंतर ३३-३५ ठेवा, त्या प्रमाणात क्यू चांगला मिळतो. रॉडमधली अंतरं आणि टॅपिंगची (कनेक्टर रॉडला जोडायची) जागा सॉफ्टवेअरमधून काढा, फुकटचे कॅल्क्युलेटर मिळतात, अंदाजाने करू नका. पितळेचा रॉड गुलालवाडीत वजनावर मिळतो, आणि वागळेत किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत कुठलाही लेथवाला तिन्ही रॉड एकाच सेटिंगमधे कापून, टोकाला ड्रिल आणि टॅप मारून देतो. त्याला "तिन्ही अगदी सारखे पाहिजेत" एवढं एकच वाक्य नीट समजावून सांगा.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे रॉड जिथे डब्याला टेकतो ती. तिथे करंट सगळ्यात जास्त असतो. चांदीचा मुलामा वगैरे नंतरच्या गोष्टी, तो जोड घट्ट आणि स्वच्छ हवा. माझा एक डबा ऑगस्टमधे अचानक पाऊण डीबीवरून तीन डीबीवर गेला. उघडला तर बाहेरून सगळं चकाचक, पण मधल्या रॉडच्या बुडाशी हिरवट काळी रेघ होती, नखाने खरवडली तर पूड निघाली. खाडीची खारी हवा, पितळ आणि अॅल्युमिनियमचा जोड आणि पावसाची ओल, तिन्ही मिळून तिथे गंजलं होतं. पॉलिश पेपरने घासून, स्टारवॉशर घालून परत आवळला, लॉस जागेवर. तेव्हापासून डबा गच्चीवर ठेवायचा तर प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समधे, खालच्या बाजूला दोन भोकं पाणी निथळायला, आणि कनेक्टरवर सेल्फ बाँडिंग टेप. तुम्ही तर खाडीच्या माझ्यापेक्षा जवळ आहात.

ट्यूनिंगला नॅनोव्हीएनए (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) पुरतो, ३०० च्या वर त्याची खोली कमी होते पण पासबँड बघायला काही अडत नाही. त्याच केबल लावून कॅलिब्रेट करा ज्या फिल्टरला जोडणार आहात. नवशिके काय करतात, एस२१ (फिल्टरमधून किती पार जातं) बघत बसतात आणि स्क्रू फिरवून शेंडा जास्तीत जास्त उंच करतात. त्याने एका बाजूला झुकलेला डोंगर मिळतो. एस११ (तोंडावरून किती परत फिरतं) बघा. तीन रॉड म्हणजे तीन खड्डे दिसायला हवेत, आधी ते एकात एक मिसळलेले असतात, स्क्रू पाव पाव फेरा फिरवत गेलं की वेगळे होतात, आणि तिन्ही वीस डीबीच्या खाली एका रांगेत बसले की एस२१ चा माथा आपोआप सपाट झालेला असतो. शेवटी लॉकनट आवळताना खड्डे परत हलतात, तेव्हा चिडायचं नाही, एका हाताने स्क्रू धरून दुसऱ्याने नट. मला पहिल्यांदा तीन तास लागले होते, आता वीस मिनिटं.

आता ट्रान्समिट. इथे मी जरा कडक बोलणार आहे कारण इथे त्रास आपल्याला होत नाही, दुसऱ्याला होतो. प्लुटोच्या आउटपुटला हार्मोनिक भरपूर असतात, वाइडबँड ड्रायव्हर ते इमानेइतबारे वाढवतो. ४३७ च्या दुप्पट किती? ८७४. आपल्या अख्ख्या बँडचा दुसरा हार्मोनिक ८६८ ते ८७६ मधे पडतो आणि ८६९ पासून मोबाइलचा डाऊनलिंक सुरू होतो. तुमच्या बिल्डिंगमधल्या आजींचा फोन ऐन वेळी लागला नाही तर त्याला आपण कारणीभूत असता कामा नये. परवाना हातात आहे म्हणजे ही जबाबदारी पण हातात आहे.

म्हणून प्लुटो आणि ड्रायव्हरच्या मधे एक छोटा बँडपास, इथे लॉसची काळजी नाही, पॉवर मिलिवॉटमधे आहे. त्याच्या पुढे-मागे ३ डीबीचे अटेन्युएटर लावा कारण फिल्टर दोन्ही बाजूंना ५० ओहम दिसले तरच शहाण्यासारखा वागतो. आणि पीएच्या नंतर लो पास, तो हवाच. इंटरडिजिटल आहे म्हणून लो पास नको असं समजू नका: हा डबा तिप्पट फ्रिक्वेन्सीला परत उघडतो, म्हणजे ४३७ चा तिसरा हार्मोनिक १३११ त्यातून बिनबोभाट बाहेर पडतो. पीएनंतर आधी लो पास, मग हवा तर बँडपास. पॉवरचाही विचार करा, १ डीबी लॉस म्हणजे ८ वॉटमधले दीड वॉटच्या वर डब्यात उष्णता, ठीक आहे, पण रॉडच्या मोकळ्या टोकाशी व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, स्क्रू फार जवळ आला आणि डब्यात ओल असेल तर तिथे ठिणगी पडते. रिसीव्हचाच डबा ट्रान्समिटला वापरायचा असेल तर रिले फिल्टरच्या मागे ठेवा, एकच डबा दोन्ही कामं करेल, मी तसंच केलंय.

एक गोष्ट फिल्टर कधीच दुरुस्त करू शकत नाही, खांदे. ३० वॉटचं मॉड्यूल हे एफएमसाठी आहे, त्यातून डिजिटल चित्राचे ३० वॉट काढायला गेलात तर सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खांदे फुटतात, एक मेगा सिम्बॉलला ते मध्यापासून दोन मेगाहर्ट्झपर्यंत पसरतात. तुमचा फिल्टर ८ मेगाहर्ट्झचा, खांदे त्याच्या आतच. गेल्या वर्षी एकाने मला विचारलं की खांदे कापायला दोन मेगाहर्ट्झचा फिल्टर करून द्या, मी म्हटलं ड्राइव्ह कमी करा, तीस वॉटच्या मॉड्यूलमधून सहा ते आठ वॉट घ्या, खांदे निदान तीस डीबी खाली जाऊ द्या. त्याने केलं आणि समोरच्याचा एमईआर चक्क वाढला, पॉवर कमी करून. तुमच्या मित्राला तुमचं चित्र "बऱ्यापैकी" दिसतं म्हणालात ना, तिथे पण हेच असू शकतं, टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम अॅनालायझरवर एकदा बघून घ्या.

तर क्रम असा ठेवा. या शनिवार-रविवारी अटेन्युएटर आणि १४४.३ चे प्रयोग, दोन्ही आकडे वहीत लिहा. मग स्टब. मग डबा, सवडीने. प्लुटोनंतरचा छोटा फिल्टर आणि पीएनंतरचा लो पास मात्र लावल्याशिवाय परत ट्रान्समिट करू नका, रिसीव्ह सुधारायला महिना लागला तरी चालेल. रॉड कापून झाले की वागळेला या, माझ्याकडे व्हीएनए टेबलावर मांडलेलाच असतो, दोघं मिळून जुळवू. येताना लॉकनट पितळेचेच आणा, लोखंडी नकोत.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)